खारदांड्याची हवा आणि रक्ताची साक्ष



हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात येणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो. माझी तोड कधी, आणि बिल कधी? परंतु गेल्या हंगामात आमचे एक जुने सभासद आले, बाकावर टेकले, जरा दम खाल्ला आणि म्हणाले, "साहेब, तोडीचं ऱ्हाऊ द्या. रक्त तपासून दम्याची जात कळती म्हणं. ती तपासणी कुठं करत्यात तेवढं सांगा. पोरगं म्हणतंय, त्या शोधाला नोबेल मिळालंय. ऊस बिलातलं पैसं तेवढ्यासाठी बाजूला ठेवल्यात."

आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. साखरेचा उतारा, खोडव्याचे खत, कर्जाची कपात यांपैकी काही विचारले असते तर तोंडपाठ होते. हे मात्र नवीन. मग आम्ही चौकशी केली, जाणकार डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. त्याचा हिशेब आज सभासदांपुढे ठेवीत आहोत. या गृहस्थांनी नाव छापू नका म्हणून सांगितले आहे. गोष्ट मात्र अवश्य छापा म्हणाले. का म्हणाले, ते शेवटी कळेल.

खारदांड्याचे आठ दिवस

ऐन जानेवारीत शेजारच्या फडात पाचट पेटविले आणि त्या रात्री या गृहस्थांना झोप आली नाही. छातीत शिट्टी वाजू लागली. उशीला टेकून रात्र काढली. असे दोन-तीनदा झाल्यावर मुलाने त्यांना मुंबईस नेले. मुलगा नोकरीनिमित्त खारदांड्याला भाड्याच्या खोलीत राहतो. खारदांडा म्हणजे खारच्या पश्चिमेचे अगदी समुद्रालगतचे टोक. वांद्रे आणि जुहू यांच्या मधला हा जुना कोळीवाडा. किनाऱ्याला होड्या, दारात जाळी आणि उन्हात वाळत घातलेली मासळी. आमचे सभासद पडले माळकरी. पहिले दोन दिवस त्यांनी नाकाला उपरणे लावूनच काढले. परंतु चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आले की, आपण रात्रभर सलग झोपलो. आठव्या दिवशी शिट्टी बंद. घरमालकीण कोळीणबाई म्हणाल्या, दर्याचा वारा लागला, बरे वाटणारच.

गृहस्थ खुशीत गावी परतले. "दमा दर्यात बुडवून आलो," असे पारावर सांगितले. पंधरा दिवसांत दुसऱ्या बाजूच्या फडातले पाचट पेटले आणि दमा पोहत परत आला.

यात हसण्यासारखे काही नाही. खारच्या हवेची साक्ष पूर्वी एकदा कागदावर उतरलेली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील छातीविकाराचे तज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली एक मोठी पाहणी हाती घेतली. हवेतील धुराचा माणसाच्या छातीवर काय परिणाम होतो, हे त्यांना मोजावयाचे होते. धुराने भरलेला गिरणगावचा भाग, कारखान्यांच्या शेजारचा चेंबूरकडील भाग, त्या मानाने स्वच्छ हवेचा म्हणून खार आणि तुलनेसाठी एक खेडे, अशी चार ठिकाणे त्यांनी निवडली. चार हजारांवर माणसांची तपासणी केली व पुढे वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला. खोकला, धाप, जुनाट कफ या तक्रारी खारमध्ये सर्वांत कमी निघाल्या.

इथपर्यंत कोणासही नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. मोकळ्या रानातल्या खेड्यात छाती सर्वांत ठणठणीत असेल असा आपला समज. प्रत्यक्षात जुनाट खोकला-कफाचे, म्हणजे ज्याला डॉक्टर क्रॉनिक ब्रॉन्कायटिस म्हणतात त्याचे, प्रमाण खेड्यात गिरणगावाइतकेच, खारच्या जवळजवळ दुप्पट आढळले! खेड्यात ना गिरणीची चिमणी, ना मोटारींची रांग. तरीही छाती गिरणी कामगाराच्या पंक्तीला. सभासदांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. कारण खेडे म्हणजे आपण.

आज मुंबईची हवा १९७७ सारखी राहिलेली नाही, खारचीही नाही. तेव्हा दमेकऱ्यांनी खारदांड्याची तिकिटे काढावीत असे आमचे म्हणणे नाही. मुद्दा एवढाच की, हवा बदलली की छाती बदलते आणि ते मोजता येते.

एक नाव, दोन आजार

आपल्याकडे धाप लागली की दमा. चाळिशीच्या गड्याला लागली तरी दमा, सत्तरीच्या आजीला लागली तरी दमा. डॉक्टरांच्या वहीत मात्र हे दोन वेगवेगळे धनी आहेत. दोहोंतही श्वासनळ्या अरुंद होतात आणि आत घेतलेली हवा बाहेर टाकताना अडते. म्हणून या सगळ्यांना मिळून श्वासमार्गात अडथळा आणणारे फुप्फुसाचे आजार म्हणतात.

पहिला खरा दमा, म्हणजे अस्थमा. यात नळ्या चिडक्या असतात. धूळ, धूर, परागकण, थंड वारा लागला की त्या आखडतात, औषध दिले की सैल होतात. माणूस आज हैराण असतो, उद्या नांगर धरतो. दुसरा आजार सीओपीडी. यात वर्षानुवर्षांच्या धुराने नळ्यांच्या भिंती जाड होतात, फुप्फुसातील बारीक पिशव्या फाटून मोठ्या होतात. हे नुकसान औषधाने पुरते भरून येत नाही. पहिल्याला पाटाचे दार म्हणा. अडकले तर वर उचलता येते. दुसरा म्हणजे पाटच गाळाने भरलेला.

हा फरक नुसत्या नावाचा नाही. दोहोंची औषधे काही एक, काही वेगळी. दम्यात आतील सूज उतरविणारे औषध पंपाने नियमित घ्यावेच लागते. सीओपीडीत नळ्या सैल करणाऱ्या औषधावर भर असतो आणि सूज उतरविणारे औषध काही निवडक रोग्यांनाच उपयोगी पडते. काही जणांना दोन्ही आजार एकत्र असतात. मग तर भल्याभल्या डॉक्टरांचीही परीक्षा होते.

आणि रोगी किती म्हणाल तर, २०१६ सालासाठी केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अंदाजाप्रमाणे भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रोगी होते. सीओपीडीने होणाऱ्या एकूण हानीपैकी निम्म्याहून अधिक हानी धुरकट हवेमुळे, आणि तंबाखूमुळे सुमारे पाव हिस्सा, असे त्याच अंदाजात म्हटले आहे. धुरकट हवेत रस्त्यावरची हवा आली, तशीच घरातल्या चुलीची हवाही आली.

तेव्हा आमच्या सभासदांचा प्रश्न अगदी रास्त होता. रक्ताचे चार थेंब घेऊन हा आजार की तो, हे सांगता आले तर किती बरे! त्या दिशेने शास्त्रज्ञांनी काय केले ते आता पाहू.

तोड थांबविणारी चिठ्ठी

ज्या शोधाला नोबेल मिळाले, तो लागला एका किड्यात. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा सूक्ष्म कृमी. अमेरिकेतील व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन हे दोघे शास्त्रज्ञ त्याची वाढ कशी होते ते पाहत होते. १९९३ साली त्यांना असे आढळले की, या किड्याच्या पेशीत आरएनएचा एक अगदी चिमुकला तुकडा आहे. अवघ्या २२ अक्षरांचा म्हणा ना. तो स्वतः काही घडवीत नाही, परंतु दुसऱ्याचे काम थांबवितो. त्यालाच पुढे मायक्रो-आरएनए हे नाव पडले. बरीच वर्षे लोकांना वाटे, ही किड्याची काही खासियत असेल. २००० साली तसाच दुसरा तुकडा सापडला, आणि तो किड्यापासून माणसापर्यंत सर्वत्र असल्याचे दिसले, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. आज माणसात असे हजाराच्या घरात तुकडे माहीत आहेत. २०२४ साली या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे काम कसे चालते ते आपल्या कारखान्याच्या भाषेत सांगतो. शेतकी खात्याच्या मुख्य ऑफिसात ऊस नोंदीचे मूळ दप्तर असते. ते कधी बाहेर जात नाही. पेशीतले हे दप्तर म्हणजे डीएनए. या दप्तरावरून अमक्या प्लॉटची तोड करा अशी चिठ्ठी निघते आणि टोळीकडे जाते. ही चिठ्ठी म्हणजे निरोप्या आरएनए. टोळी चिठ्ठी पाहून ऊस तोडते, तशी पेशी ही चिठ्ठी पाहून प्रथिन तयार करते. आता समजा, कारखाना बंद पडला, यार्डात गाड्यांची रांग लागली. मग मुकादमाच्या हातात दुसरी एक बारकी चिठ्ठी येते : "पुढील सूचनेपर्यंत तोड थांबवा." दप्तर आहे तसेच. पहिली चिठ्ठीही निघालेलीच. पण काम थांबले. मायक्रो-आरएनए ही ती दुसरी चिठ्ठी. तो निरोप्याला जाऊन चिकटतो आणि त्याचा निरोप दाबून टाकतो.

आणखी एक गंमत आहे. एकच थांबवा-चिठ्ठी अनेक टोळ्यांना लागू पडते आणि एका टोळीला अनेक चिठ्ठ्या येऊ शकतात. म्हणून शरीरात सूज किती चढू द्यावयाची, किती उतरवावयाची, याचे बरेचसे नियंत्रण या चिठ्ठ्यांकडे असते. फुप्फुसाचे हे दोन्ही आजार शेवटी न उतरणाऱ्या सुजेचेच आहेत.

चिठ्ठी रक्तात कशी आली?

आरएनए हा फार नाशिवंत पदार्थ. तोडलेला ऊस उन्हात पडला तर वजन आणि उतारा घटतो, तसा आरएनए पेशीबाहेर पडला की रक्तातील पाचके त्याचा फडशा पाडतात. म्हणून रक्ताच्या पाण्यात तो टिकेल असे फारसे कोणास वाटत नव्हते. परंतु २००८ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले की, मायक्रो-आरएनए रक्तात चांगले टिकून असतात. काही चरबीच्या अतिसूक्ष्म पुड्यांत बांधलेले असतात, तर काही प्रथिनाला घट्ट बिलगलेले. त्यामुळे पाचकांना ते सापडत नाहीत.

कोरोनाच्या साथीत नाकात कांडी घालून जी आरटीपीसीआर तपासणी झाली, तिचीच भावंड म्हणावी अशी पद्धत हे तुकडे मोजण्यास वापरतात. ते तंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेले आपण पाहिले. मग फुप्फुसात काय शिजते आहे याचा वास रक्तातून घेता येईल, अशी आशा वाटणे साहजिकच होते.

या आशेने जगभर कामे झाली. या चिठ्ठ्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. आपल्या सभासद नंबरासारखेच! २१ नंबरची चिठ्ठी दमा आणि सीओपीडी अशा दोन्ही आजारांत वाढलेली अनेक ठिकाणी दिसली. १५५ नंबरची सुजेत तेल ओतते, तर १४६-ए नंबरची तिला लगाम घालते. दमा, सीओपीडी आणि दोन्ही एकत्र असलेले रोगी रक्तावरून निराळे काढता येतात का, याचाही शोध चालू आहे. एका नंबरावर भागत नाही, पाच-सात नंबरांचा संच मिळून पाहिला तर निवाडा बरा होतो, असे त्यात दिसते.

आपल्या देशातही काम झाले आहे. दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०११ साली लेट-७ नावाच्या मायक्रो-आरएनएवरील संशोधन प्रसिद्ध केले. २००० साली किड्यात सापडलेला दुसरा तुकडा म्हणून वर सांगितला तोच हा. दम्यात सूज व चिकट कफ वाढविणारा एक पदार्थ शरीरात तयार होतो. लेट-७ त्याची निर्मिती दाबतो. दमा झालेल्या उंदरांना या तुकड्याची नक्कल नाकावाटे दिली, तेव्हा त्यांच्या फुप्फुसातील सूज उतरली. उंदरात उतरली, माणसात अजून नाही, हे ध्यानात असू द्या.

मग अडले कुठे?

आता मुख्य गोष्ट. आज दमा की सीओपीडी हे ठरविण्यासाठी रक्तातील मायक्रो-आरएनएची खात्रीची, डॉक्टरांनी नेहमीच्या वापरात घेतलेली तपासणी उपलब्ध नाही. प्रयोगशाळेत आहे, दवाखान्यात नाही. कोणी तशी जाहिरात करून पैसे मागत असेल तर सभासदांनी ऊस बिलाला हात लावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अडले कुठे, तेही आपल्याच उदाहरणाने सांगतो. ऊस पक्व झाला की नाही हे पाहावयास शेतकी खात्याचा माणूस येतो, रसाचा थेंब भिंगाच्या यंत्रावर टाकतो आणि ब्रिक्स वाचतो. परंतु थेंब शेंड्याकडच्या कांडीचा घेतला तर एक आकडा, बुडख्याकडच्या कांडीचा घेतला तर दुसरा. आदल्या दिवशी पाणी दिले असेल तर तिसराच. म्हणून कांड्या कोणत्या, प्लॉटात ऊस किती आणि कोठून घ्यावयाचे, याची रीत ठरलेली आहे. सगळे त्या एका रीतीने चालतात म्हणून त्या आकड्याला अर्थ. रक्तातील या चिठ्ठ्यांची रीत अजून अशी सर्वत्र एक झालेली नाही. रक्त काढताना वा ठेवताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातील चिठ्ठ्या बाहेर सांडतात आणि सगळा हिशेब चुकतो. एका प्रयोगशाळेत वाढलेला नंबर दुसरीकडे वाढलेला दिसत नाही.

दुसरी अडचण अशी की, चिठ्ठी कोणत्या शिवारातून आली हे रक्तात कळत नाही. २१ नंबर छातीच्या आजारात वाढतो, तसा कर्करोगात आणि हृदयविकारातही वाढतो. वय, विडी-सिगारेट, चालू असलेली औषधे यांनीही आकडे हलतात. तिसरी अडचण, बरेच अभ्यास थोड्या रोग्यांवर झाले आहेत. आणि चौथी आपल्या दृष्टीने महत्त्वाची. जगातले पुष्कळसे अभ्यास सिगारेट ओढणाऱ्यांवरचे आहेत. आपल्याकडे रोग येतो तो चुलीच्या, पाचटाच्या, शेणीच्या धुरातून. सिगारेटवाल्याच्या रक्तावरून बांधलेली मापे आपल्या घरच्या बाईला लागू पडतील की नाही, हे आपल्याकडे तपासूनच ठरवावे लागेल.

पुण्यातील डॉ. संदीप साळवी यांनी इंग्लंडमधील डॉ. पीटर बार्न्स यांच्यासमवेत २००९ साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात नेमका हाच मुद्दा मांडला. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या माणसांनाही सीओपीडी होतो. जगात तंबाखू ओढणारे सुमारे एक अब्ज, तर लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा जाळून स्वयंपाक करणाऱ्या घरांत राहणारे सुमारे तीन अब्ज. तेव्हा सर्वांत मोठा धोका चुलीचा असू शकेल, असे त्यांनी लिहिले.

फुंकणी

आता त्या गृहस्थांकडे वळू. रक्ताची तपासणी मिळणार नाही म्हटल्यावर ते नाराज झाले. आम्ही म्हणालो, एक तपासणी मात्र आहे. जुनी आहे, खात्रीची आहे आणि सुई टोचावी लागत नाही. तिचे नाव स्पायरोमेट्री. नळीत फुंकावयाचे. "फुंकून काय कळणार? रक्तासारखी गोष्ट न्हाई," असे ते म्हणाले. आपल्या सगळ्यांची ही समजूत आहे. रक्त काढले म्हणजे तपासणी झाली, बाटली लावली म्हणजे इलाज झाला. फुंकणे म्हणजे पोरखेळ.

तरी ते गेले. या खेपेस मंडळीही बरोबर होत्या. मुलाला भेटावयाचे आणि खारदांड्याला नातवाचे तोंड पाहावयाचे, एवढाच त्यांचा हेतू. मुंबईच्या एका दवाखान्यात तपासणी झाली. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठांत नळी घट्ट धरायची आणि एका झटक्यात जोराने फुंकून, किमान सहा सेकंद हवा संपेपर्यंत फुंकत राहावयाचे. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, हे यंत्र सांगते. औषध देऊनही हा भाग शंभरात सत्तरपेक्षा कमी राहिला तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे असे समजतात. म्हणून आधी एकदा फुंकावयाचे, मग नळ्या सैल करणारे औषध पंपाने घ्यावयाचे, पंधरा मिनिटे थांबावयाचे आणि पुन्हा फुंकावयाचे.

गृहस्थांचा आकडा आधी कमी आला. औषधानंतर चांगला वर चढला, सत्तरीच्या बराच पुढे गेला. म्हणजे खरा दमा. पाटाचे दार अडकले होते, ते उचलले गेले. खारदांड्याला आठ दिवसांत शिट्टी बंद झाली, त्याचा उलगडाही यात झाला. चिडविणारा धूर दूर झाला की चिडक्या नळ्या शांत होतात.

बाकावर बसलेल्या मंडळींना डॉक्टरीणबाईंनी बोलताना मध्ये-मध्ये थांबताना पाहिले होते. त्या म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही फुंका."

"मला काय झालंय? ह्यास्नी दावाय आणलंय," काकू म्हणाल्या. थोडा खोकला, तो तर लग्नापासूनचाच. जिना चढताना दम लागतो, तो वयाचा. पहाटे कफ पडतो, तो सगळ्यांचाच पडतो. असे सांगत-सांगत त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, द्या इकडं. जन्मभर फुंकणीच तर फुंकली."

आकडा सत्तरीच्या खूप खाली आला. औषध दिले, पंधरा मिनिटे झाली, पुन्हा फुंकले. आकडा जागचा फारसा हलला नाही. पाट गाळाने भरलेला.

काकूंनी कधी विडी ओढली नाही. सासरी आल्यापासून कौलारू सोप्यात चूल. घरचे गुऱ्हाळ होते तेव्हा हंगामात चुलवाणासमोर बसून चिपाड सारायचे कामही त्यांच्याकडे. पुढे गुऱ्हाळ मोडले, ऊस कारखान्याला आला. गॅसही आला. परंतु अंघोळीचे पाणी अजून चुलीवर तापते, आणि भाकरी चुलीवरचीच गोड लागते असे मालकांचे म्हणणे. ते वाक्य त्या गृहस्थांनी आम्हांस सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, रक्ताच्या तपासणीसाठी मी माझ्यासाठी पैसं ठेवलं हुतं. तिला तपासावं हे कधी ध्यानातच आलं न्हाई. हे तेवढं छापा."

म्हणून छापले.

आज हाती काय आहे?

मायक्रो-आरएनएचे काम थांबणारे नाही, आणि थांबूही नये. उद्या एखादा संच सर्वमान्य ठरला तर नळीत फुंकण्याची शक्ती नसलेल्या वृद्धांना आणि लहान मुलांना त्याचा फार उपयोग होईल. नळ्या खराब होण्यापूर्वीच धोक्याची घंटा वाजेल अशीही आशा आहे. ती तपासणी येईल तेव्हा आम्ही याच पानांतून कळवू. तोपर्यंत हातात जे आहे ते तरी वापरू या.

ज्यांना आठ-आठ आठवडे खोकला आहे, दरवर्षी कफाचा त्रास होतो, चालताना बरोबरीच्या माणसामागे राहावे लागते, त्यांनी नळीत फुंकण्याची तपासणी करून घ्यावी. क्षयाची शंका असेल तर थुंकीची तपासणी आधी. पुरुषांबरोबर घरातील बायकांनाही न्यावे. चूल त्यांनीच फुंकली आहे. साध्या रक्ततपासणीचाही थोडा उपयोग आहे. रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या पाहून, सीओपीडीच्या कोणत्या रोग्यास सूज उतरविणारे औषध लाभेल, याचा अंदाज डॉक्टर घेतात. मायक्रो-आरएनएच्या आधीची ही साधी रक्ताची साक्ष आजही मिळते.

पंपाची सवय लागते हा गैरसमज सोडावा. पंपातून औषध थोडे जाते आणि थेट छातीत जाते. उलट, दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर आणून महिनोन्महिने घेणे हाडांना आणि साखरेला महागात पडते. येथे साखर म्हणजे रक्तातली, बरे का!

विडी सोडावी. पाण्याची चूल सोप्यातून बाहेर, मोकळ्या पडवीत न्यावी, धुराडे बसवावे, जमेल तेवढे गॅसवर करावे. डास पळविणारी कॉइल बंद खोलीत रात्रभर लावू नये. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले होते. कारखान्यात बगॅसच्या ढिगावर काम करणाऱ्यांनी तोंडाला चांगला मास्क बांधावा. ओलसर राहून तापलेल्या जुन्या बगॅसमध्ये बुरशीसारखे सूक्ष्म जीव माजतात आणि त्याच्या धुळीने फुप्फुसाचा एक निराळाच आजार होतो. त्याला बगॅसचेच नाव पडले आहे, बगॅसोसिस.

आणि पाचट पेटवू नये. हे शेती खाते जमिनीच्या कारणाने सांगत आले आहे. पाचट सरीत कुजविले तर खत होते, ओल टिकते, खोडवा चांगला फुटतो. आज आम्ही त्यात छातीचे कारण घालतो. आपल्या फडातला धूर बांधापाशी थांबत नाही. शेजाऱ्याच्या सोप्यात जातो आणि तिथे कोणी चिडक्या नळ्यांचा माणूस उशीला टेकून रात्र काढीत असतो.

त्या गृहस्थांनी यंदा पाचट कुजविले. अंघोळीच्या पाण्यासाठी उन्हावर पाणी तापविणारे यंत्र बसविले आणि त्यास रक्ताच्या तपासणीसाठी बाजूला ठेवलेलेच पैसे लावले. भाकरी गॅसवरची होते. गोड लागते का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "गोडीचं काय घिऊन बसलाय? करणारी ऱ्हायली पायजे."